कुंकवाची वजावट

सुतारकाम करणाऱ्याने मोजमापाचं महागडं, अतिअचूक उपकरण घ्यावं की नाही, हे लोक मला विचारतात. मी आयुष्यात एकच स्टूल केलं आणि त्यावर आजवर कुणी बसलेलं नाही. पण जळगावच्या एका तंत्रशाळेत सुतार आणि फिटर होऊ पाहणाऱ्यांना मी बरीच वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मला लाकडातलंही कळत असावं असा समज आहे. विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "तुमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा कोण करतं?" मग तो माणूस माझ्या वयाचा अंदाज घेतो आणि विषय बदलतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

साठचं दशक उतरणीला लागलं होतं. इंच जाऊन मिलिमीटर आला होता, म्हणजे फळ्यावर आला होता. वर्कशॉपमध्ये अजून सूतच चालत होतं. आठ सुतांचा एक इंच. मी वर्गात शिकवायचो, एक इंच म्हणजे पंचवीस दशांश चार मिलिमीटर. पोरं ते वहीत लिहून घेत आणि वर्कशॉपमध्ये जाऊन "दोन सूत कमी मार रे" म्हणत.

सुतारकाम शिकवायला आबा होते. मूळचे भडगावकडचे, पन्नाशीला आलेले, बोलणं अहिराणी. सरकारने दिलेली पोलादी पट्टी त्यांच्या पेटीत होती, पण ते तिने पाठ खाजवत. त्यांचं खरं माप म्हणजे बांबूची वीतभर काडी. काम हातात घेतलं की नवी काडी सोलायची, लागेल ती मापं तिच्यावर चाकूने खाचा करून घ्यायची आणि मग आकड्याचं नाव काढायचं नाही. ही खाच चौकटीची, ही फळीची. काम संपलं की काडी चहाच्या चुलीत. त्यांच्याकडे जुनं माप कधी नसायचं, त्यामुळे जुनी चूकही नसायची.

आबा नऊ वर्षं हंगामी होते. दर वर्षी त्यांना कामावरून कमी केल्याचा कागद यायचा आणि दोन दिवसांनी परत घेतल्याचा. झोपायलाही ते वर्कशॉपमध्येच असत, त्यामुळे त्या दोन दिवसांतही ते शाळेतच, फक्त सही करत नसत.

त्या वर्षी शाळेत कॅलिपर आला. व्हर्नियर कॅलिपर, परदेशी बनावटीचा, निळ्या मखमलीच्या पेटीत. मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा. त्याची किंमत आमच्या मुख्य साहेबांनी इतक्या वेळा सांगितली की शाळेबाहेरच्या पानवाल्यालाही ती पाठ झाली. साहेबांना समारंभाची आवड होती. पिण्याच्या पाण्याचे माठ असलेली एकुलती एक थंड खोली त्यांनी रिकामी करवली, दारावर 'सूक्ष्ममापन कक्ष' अशी पाटी लावली आणि पेटी आतल्या टेबलावर ठेवली. माठ व्हरांड्यात उन्हात गेले. कॅलिपर गार राहिला आणि सगळी शाळा कोमट पाणी पिऊ लागली.

उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले, "आजपासून या संस्थेत अंदाज हा शब्द बंद!" टाळ्या झाल्या. लगेच शिपायाने विचारलं, "साहेब, चहा कितीकांचा सांगू?"

"सांग अंदाजाने," साहेब म्हणाले.

पेटी साहेबांच्या समक्षच उघडायची, असा नियम झाला. त्यामुळे वर्षभरात कॅलिपरने तीन वस्तू मोजल्या गेल्या: एका पाहुण्यांचं फाउंटन पेन, दुसऱ्या पाहुण्यांची अंगठी आणि तिसऱ्यांनी आग्रहच धरला म्हणून त्यांचा अंगठा. वाचन मी करायचो, कारण ती बारीक रेघ रेघेला कुठे जुळते हे शाळेत मलाच दिसायचं. लाकूड त्याला एकदाही लागलं नाही.

आबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हात मागे बांधून पाहिला.

"भाऊ, हाई काय मोजस?"

"एका मिलिमीटरचे दहा भाग करतो, आबा."

"बरं. आनि लाकूडले सांगं का कोन्ही?"

"काय सांगायचं?"

"का बाबा, हालू नको म्हनीसन." आबा शांतपणे म्हणाले. "श्रावणमा दार फुगस, वैशाखमा त्याच दारमाईन मांजर जास. तुम्ही कोनता महिनाना दहा भाग करतस?"

मी हसलो आणि तासाला निघून गेलो.

मग धुळ्याहून आदेश आला. यापुढे हंगामी निदेशकांचा कारभार चालणार नाही. दसऱ्यानंतर धुळ्याला प्रात्यक्षिक परीक्षा होईल. उत्तीर्ण होईल तो कायम, नापास होईल तो घरी. दुसरी संधी नाही. शंभरातले साठ गुण मापाला, आणि मापात नापास तो सगळ्यात नापास. मी आदेश आबांना वाचून दाखवला. त्यांनी तो दुमडून टोपीत ठेवला.

"घरी म्हंजे कोठे, ते लिखेल शे का?" त्यांनी विचारलं. "दुकान तर पुतन्यासनी कव्हाच वाटी लिधं. मना वाटाले चार खिळा बी नहीत."

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे वर्कशॉप झाडून, सारवून घ्यायचं आणि अवजारं मांडून त्यांची पूजा व्हायची. त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही. वाकस, करवती, रंधे, पटाशा, गुण्ये, सगळे ओळीने पाटावर. पूजा आबांची. कोरडं कुंकू उडून जातं म्हणून ते त्यात तेलाचे दोन थेंब घालून चांगलं घट्ट कालवत, आणि ते लावण्याची त्यांची एक रीत होती. मुठीला नाही, पात्याला नाही. अवजार जिथे काम करतं नेमकं तिथे. पटाशीच्या धारेला, करवतीच्या दातांना, गुण्याच्या कोनात. "मुठले कसाले? मूठ तर आपली शे," ते म्हणत.

त्या वर्षी सगळ्या अवजारांना कुंकू लावून झाल्यावर आबा थांबले आणि सूक्ष्ममापन कक्षाकडे पाहू लागले.

"तो एकटाच राही गया," ते म्हणाले. "बठ्ठासले लावं, त्याले नही. त्याले वाईट वाटी."

साहेबांना ही कल्पना फार आवडली. विज्ञान आणि संस्कृती यांचा संगम वगैरे ते पाच मिनिटं बोलले. पेटी वाजतगाजत आली. साहेबांनी कॅलिपरच्या मागच्या पट्टीवर एक बोट टेकवलं, तेवढ्यात फोटो निघाला. मग आबा कुंकवाची वाटी घेऊन वाकले आणि त्यांनी मला विचारलं, "भाऊ, यानं काम कोठे चालस?"

मी शिकवणारा माणूस. कुणी प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मी बोटाने दाखवलं, "हे बघा आबा, खालच्या या दोन जबड्यांत वस्तू धरली की बाहेरचं माप. आणि वरची ही दोन टोकं खाचेत घालून उघडली की आतलं माप."

आबांनी खालच्या जबड्यांना आतून आणि वरच्या टोकांना बाहेरून, कुठे जास्त नाही कुठे कमी नाही, असं एकसारखं कुंकू लावलं. मी वर दोन अक्षता टाकल्या. साहेबांनी पेटी बंद केली.

चार दिवसांनी धुळ्याहून पत्र आलं. परीक्षा केंद्रावर असं उपकरण नाही, तरी जळगावच्या शाळेने आपला कॅलिपर वाचता येणाऱ्या माणसासह पाठवावा. वाचता येणारा माणूस म्हणजे मी. साहेबांनी मला निघताना बजावलं, पेटी मांडीवरून खाली ठेवायची नाही, आणि धुळ्यात परीक्षक साहेबांच्या हाती देईपर्यंत उघडायची नाही.

मी आणि आबा एस.टी.ने निघालो. आबांच्या पायाशी अवजारांची पोतडी, माझ्या मांडीवर पेटी. गाडीच्या आदळण्याने मखमलीचं काही होईल म्हणून मी ती दोन्ही हातांनी अधांतरी धरली होती. गिरणेचा पूल ओलांडला तोवर खांदे भरून आले. एरंडोलला गर्दी चढली. कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, देव आहे का आत?"

"नाही. माप आहे."

"कशाचं?"

"मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं."

तो जरा विचारात पडला. मग एका बाईला म्हणाला, "अक्का, तिथे नका टेकू, काकांकडे नाजूक काम आहे." त्या बाईने आपल्या कडेवरचं पोर आबांच्या मांडीवर दिलं आणि पारोळ्यापर्यंत उभी राहिली. पेटीला पुढच्या थांब्यावर खिडकीशी स्वतंत्र जागा मिळाली. मी उभा राहिलो.

धुळ्याच्या केंद्रावर सात उमेदवार होते. परीक्षक साहेब परदेशात सहा आठवडे राहून आले होते आणि पुढची सहा वर्षं मनाने तिथेच होते. त्यांनी पेटी पाहून पहिल्यांदाच खुर्चीतून उठून नमस्कार केला. आम्हाला की पेटीला, ते कळलं नाही.

काम सोपं होतं. सागवानाच्या दोन तुकड्यांचा जोड करायचा. एकाला बारा मिलिमीटर जाड जीभ, दुसऱ्यात बारा मिलिमीटर रुंद खाच, जीभ खाचेत बसवायची. दोन दशांश इकडेतिकडे चालेल. त्याहून जास्त चूक म्हणजे नापास.

आबांच्या शेजारच्या बाकावर धुळ्यातलेच एक मुसलमान मिस्त्री होते, पलंग आणि कपाटं करण्यात हात बसलेले. त्यांनी आबांना काडी सोलताना पाहिलं आणि म्हणाले, "आबा, दात कोरायचे आहेत का?"

"परीक्षा व्हवू दे," आबा म्हणाले, "मंग दोन्ही कोरसूत."

आबांनी पोलादी पट्टीवरून बाराचं अंतर एकदाच काडीवर घेतलं, खाच केली आणि पट्टी पालथी घातली. जीभही काडीवरच्या त्याच खुणेने, लाकडातली खाचही त्याच खुणेने. दुपारपर्यंत जोड तयार. तळव्याने एक ठोका, जीभ आत. दुसरा ठोका, बाहेर. उजेडाला धरून पाहिलं तर मध्ये केस जाणार नाही. मिस्त्रींचाही तसाच. ते आबांचा जोड हातात घेऊन दोनदा उघडझाप करून म्हणाले, "वा. बिना तेलाचा चालतोय."

आबांनी बाहेर चूल पेटवली, काडी तिच्यात घातली आणि चहाचं पातेलं ठेवलं.

मग मोजणी. परीक्षक साहेब वही घेऊन बसले, मी कॅलिपर लावून आकडे सांगू लागलो. खोलीत उजेड बेताचा होता आणि माझं सगळं लक्ष त्या बारीक रेघांकडे. पहिले मिस्त्री.

"जीभ, बारा दशांश तीन. खाच, अकरा दशांश सात."

"नापास," साहेब म्हणाले.

मग आबा. "जीभ, बारा दशांश तीन. खाच, अकरा दशांश सात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बारा दशांश तीनची जीभ अकरा दशांश सातच्या खाचेत जाऊ शकत नाही."

"पन जास ना, साहेब," आबा म्हणाले. त्यांनी जोड उचलला आणि तळव्याने ठोका दिला. गेली.

साहेबांनी त्या जोडाकडे सभेत मध्येच बोलणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "ती जाते, हे मी पाहतो आहे. पण मापाप्रमाणे ती जाऊ शकत नाही. हा जोड बसत नाही."

"बसेल शे, साहेब."

"चुकून बसला आहे."

मिस्त्रींनी आपला जोड पुढे केला. "साहब, माझा बी चुकूनच बसलाय. दोघांची चूक एकच हाय?"

हे मात्र साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी वहीत पाहिलं. दोन उमेदवार, दोन गावचे, आकडे दशांशापर्यंत सारखे. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"कॉपी केली आहे," ते म्हणाले.

"लाकडाची कॉपी?" मिस्त्री म्हणाले. "कशी करतात साहब, शिकवा तरी. धंदा वाढेल."

साहेबांनी उरलेल्यांची मोजणी जेवणानंतर ठेवली आणि दोघांच्या नावापुढे लाल पेन्सिलने खूण केली.

मी बाहेर कडुलिंबाखाली आलो. आबा चुलीपाशी बसून पटाशी पुसत होते. त्यांनी मला कपात चहा दिला आणि स्वतः बशीत घेतला.

"भाऊ," ते म्हणाले, "सांजनी गाडीले माले पारोळाले उतारी द्या. तठून भडगावनी गाडी भेटी. शाळामा मनी बाज शे, ती कोन्हा हातमा धाडी द्या. पुतन्यासना ओटावर मावी का, ते नही सांगता येत. मोजं नही मी."

त्यांनी आयुष्यात न मोजलेली ती एकच गोष्ट असावी.

मी चहा पिता पिता मनात आकडे फिरवत होतो. जीभ तीन दशांशाने जास्त. खाच तीन दशांशाने कमी. दोन्ही सुतारांची. दर वर्षी जूनमध्ये मी फळ्यावर लिहायचो: मोजण्यापूर्वी जबडे मिटून शून्य तपासा. पोरांकडून ते दहा वेळा घोटून घ्यायचो. त्या दिवशी मी स्वतः शून्य तपासलं नव्हतं, कारण इतक्या महाग वस्तूचं शून्य चुकलं असेल असं माझ्यासारख्या संशयी माणसालाही वाटलं नव्हतं. आणि मग मला कुंकवाची वाटी आठवली. "यानं काम कोठे चालस?" आणि माझं बोट.

आता यात एक अडचण होती. कॅलिपर माझ्या ताब्यात होता. तो बिघडलेला निघाला तर पहिला प्रश्न मलाच विचारला जाणार, आणि दुसरा, कुंकू कुठे लावायचं हे कुणी दाखवलं. मी कप विसळला, पुन्हा विसळला. तिसऱ्यांदा विसळायला लागलो तेव्हा आबा म्हणाले, "भाऊ, कपनी नक्षी जाई." मी आत गेलो.

"साहेब, मला एकदा शून्य तपासायचं आहे."

"तुम्ही या उपकरणावर संशय घेता?"

"उपकरणावर नाही. शून्यावर."

मी त्यांना खिडकीशी नेलं आणि जबडे मिटले. ते मिटले, पण पूर्ण मिटले नाहीत. मध्ये बारीक तांबडी रेघ. रेघ शून्यावर येण्याऐवजी तीन दशांशावर थांबली.

"हे तांबडं काय आहे?"

"कुंकू."

"परदेशी उपकरणाला कुंकू?"

दारातून मिस्त्रींचा आवाज आला, "साहब, त्याचं लगीन झालंय. आता पयल्यासारखं कसं वागेल?"

साहेबांनी विचारलं, "कुणी लावलं?" आणि मी तोंड उघडण्याआधी मागून आबा म्हणाले, "मी, साहेब. खंडेनवमी व्हती."

"मी दाखवलं कुठे लावायचं," मी म्हणालो. "आणि पहिलं बोट आमच्या मुख्य साहेबांचं आहे. फोटो आहे."

परीक्षक साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर त्यांची जीप उभी होती. तिच्या बॉनेटवर सुकलेली झेंडूची माळ होती आणि दोन्ही दिव्यांना कुंकवाची बोटं. त्यांच्या टेबलावरच्या टंकलेखन यंत्रालाही होती. त्याच्या अक्षरांत मला एक अक्षताही दिसली. त्यांनी तिकडून नजर काढून घेतली.

"पुसून टाकू का?" मी विचारलं.

त्यांनी पेटीतलं पिवळं कार्ड बाहेर काढलं आणि दोनदा वाचलं. "अधिकृत कारागिराखेरीज कुणीही उपकरणाचे जबडे साफ करू नयेत. स्पष्ट लिहिलं आहे."

"पण कुंकू..."

"कुंकू लावू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. पुसू नये असं मात्र लिहिलं आहे." आणि मग हळूच म्हणाले, "आणि पूजेचं आहे. मी कशाला पुसू?"

मोजणी पुन्हा झाली. साहेबांनी वहीत दोन नव्या रेघा मारल्या. बाहेरच्या मापातून कुंकवाचे तीन दशांश वजा, आतल्या मापात तीन दशांश मिळवणे. वरती स्वतःच्या हाताने मथळा लिहिला: 'कुंकू वजा जाता'. मिस्त्री, जीभ बारा, खाच बारा. आबा, जीभ बारा, खाच बारा. साहेबांनी त्या दिवसात पहिल्यांदा आबांकडे नीट पाहिलं.

"तुम्ही कशाने मोजलंत?"

"काडीनी."

"कुठे आहे? अहवालाला जोडायला हवी."

"ती तर चहाखाले गई, साहेब. तुम्हीन बी पिधा."

साहेबांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं. अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही.

आबा कायम झाले, मिस्त्रीही झाले. आदेश माघात आला. त्यांनी तोही टोपीत ठेवला, जुन्या आदेशावर. मिस्त्री त्यांना भेटायला एकदा जळगावला आले आणि दोघांनी मिळून माझं स्टूल पाहिलं. कुणी काही बोललं नाही. ते दोघेही सभ्य होते.

खरी पंचाईत नंतर झाली. धुळ्याहून एक परिपत्रक निघालं: सदर कॅलिपरवरील प्रत्येक वाचनात तीन दशांशांची दुरुस्ती करावी. पुढील आदेशापर्यंत. आता तो परीक्षेचा अधिकृत कॅलिपर ठरल्याने वरचेवर वापरात येऊ लागला आणि फाल्गुनापर्यंत कुंकू झडलं. उपकरण अचूक झालं आणि त्यामुळे सगळी मापं चुकू लागली. पोरांच्या चांगल्या जिभा कागदावर बारीक होऊ लागल्या आणि खाचा रुंद. मी पत्र लिहिलं की कुंकू आता राहिलेलं नाही, तरी दुरुस्ती रद्द व्हावी. उत्तर आलं की कुंकू कोणाच्या परवानगीने काढलं याचा खुलासा करावा.

म्हणून मला विचाराल तर माझं मत असं आहे. चांगला गुण्या घ्या. त्यात काटकसर करू नका. काटकोन चुकला तर पुढे सगळं चुकतं आणि तो चुकलेला डोळ्याला दिसतही नाही. एक साधी पोलादी पट्टी घ्या. काच बसवायची असेल, गिरमिटाचं पातं निवडायचं असेल तर साधा कॅलिपरही कामाला येतो. पण दहाव्या आणि शंभराव्या भागांसाठी जास्तीचे पैसे घालण्याआधी एक विचार करा. सुताराला बारा मिलिमीटर कधीच हवे नसतात. त्याला ही वस्तू त्या वस्तूत जायला हवी असते. बारा काय किंवा सव्वाबारा काय, दोन्हीकडे एकच असलं की झालं, आणि ते काम खाच पाडलेली काडी करते. शिवाय जी वस्तू श्रावणात एक असते आणि वैशाखात दुसरी, तिचा दहावा भाग मोजून ठेवणं म्हणजे चालत्या म्हशीची उंची घेण्यासारखं आहे. आकडा येतो, म्हैस पुढे जाते.

आणि तरीही आमच्या त्या कॅलिपरचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. त्याने एक काम फार चोख केलं.

पुढच्या खंडेनवमीला आमच्या मुख्य साहेबांनी पेटी उघडली. परिपत्रक कायम होतं. खुलाशाचं पत्र तीनदा जाऊन तीनदा परत आलं होतं. आबांनी वाटीत कुंकू कालवलं, तेलाचे दोन थेंब घातले आणि करंगळीच्या टोकाने खालच्या जबड्याला आतून लावलं. मग मला खूण केली. मी जबडे मिटले आणि रेघेवर रेघ शोधली.

"किती व्हयनं, भाऊ?"

"चार दशांश."

"सरकारी किती शे?"

"तीन."

आबांनी धोतराच्या सोग्याने एक हलका हात फिरवला. मी पुन्हा मिटले. दोन दशांश. त्यांनी मान हलवली, पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा लावलं. मागे अख्खी शाळा आरतीसाठी ताटकळत उभी होती, साहेब घड्याळ पाहत होते, कापूर दोनदा विझला. एका चांगल्या कारागिराला घाई करता येत नाही. पाचव्या खेपेला रेघ रेघेवर आली.

"तीन," मी म्हणालो.

"बरोबर तीन का अंदाजे तीन?"

"बरोबर तीन, आबा."

"मंग म्हना आरती," आबा म्हणाले.